पहिले पिस्तूल घेण्यापूर्वी...

बोअर कोणता, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, सराव कुठे : परवानाधारकांसाठी ओळख

पोलीस ठाण्याचा अहवाल, चौकशी, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अशा अनेक पायऱ्या चढून शस्त्रपरवाना हाती येतो. अर्जदार शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात पोहोचतो आणि काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून विचारतो, ‘यातले चांगले कुठले?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कशासाठी, कोणाच्या हातात आणि किती सरावानिशी, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय चांगले-वाईट ठरत नाही. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल ही काही मोटार किंवा मोबाइल नव्हे. निवड चुकली तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही. म्हणूनच पहिले हत्यार निवडण्यापूर्वी कायदा, काडतूस, यंत्रणा, सराव आणि घरातील सुरक्षितता या पाचही बाजू नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

कायद्याने आखलेले कुंपण

अमेरिकेत पहिले पिस्तूल घेणाऱ्यापुढे डझनभर कॅलिबर आणि शेकडो नमुने असतात. भारतात निवडीचे कुंपण कायद्याने आधीच आखलेले आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार हत्यारांचे ‘प्रतिबंधित बोअर’ आणि ‘अप्रतिबंधित बोअर’ असे दोन गट पडतात. लष्कर व पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरची काडतुसे, तसेच .३८० व .४५५ ही जुनी सेवा-काडतुसे ज्यातून झाडता येतात अशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात मोडतात. सर्वसामान्य नागरिकाला जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त जो परवाना देतात तो अप्रतिबंधित बोअरचा असतो. व्यवहारात त्याचा अर्थ .२२ आणि .३२ असा होतो.

परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. वडिलोपार्जित बाराबोरची बंदूक घरात असेल आणि ती आपल्या नावावर चढवलेली असेल, तर तीही या दोनांत मोजली जाते. ‘सरावासाठी .२२ आणि संरक्षणासाठी .३२’ अशी जोडी घ्यायची म्हटले तर कोटा तिथेच संपतो. त्यामुळे पहिली निवडच पुष्कळांच्या बाबतीत शेवटची निवड ठरते.

याच दुरुस्तीने शिक्षाही कडक केल्या. परवान्याविना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन ते कमाल पाच वर्षे, तर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास सात ते चौदा वर्षे कारावास होऊ शकतो. लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत हौसेखातर हवेत गोळीबार करून इतरांचे प्राण धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना ही शासनाने काही अटींवर दिलेली मुभा आहे. तो कोणाचाही मूलभूत अधिकार नाही. अटींचा भंग झाल्यास परवाना निलंबित वा रद्द होतो, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवलेले बरे.

बोअर म्हणजे नेमके काय?

नळीच्या आतील व्यास म्हणजे बोअर किंवा कॅलिबर. .२२ म्हणजे इंचाचा शंभरातील बाविसावा भाग, साधारण साडेपाच मिलिमीटर. .३२ म्हणजे साधारण आठ मिलिमीटर. मात्र केवळ व्यासावरून गोळीची ताकद ठरत नाही. गोळीचे वजन आणि तिचा वेग यांतून तिची ऊर्जा ठरते, आणि हीच ऊर्जा धक्क्याच्या रूपाने हातालाही जाणवते. एकाच व्यासाची पण वेगवेगळ्या लांबीची आणि वेगवेगळ्या बांधणीची काडतुसे असतात. म्हणून केवळ ‘बत्तीस बोअर’ एवढे सांगून भागत नाही. काडतुसाचे पूर्ण नाव ठाऊक असावे लागते.

.२२ : शिकणाऱ्याचा सोबती

‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ पासून चालत आले आहे. नावात रायफल असले तरी ते पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरमध्येही सर्रास वापरले जाते. त्याची शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची असते आणि आखूड नळीतून सुटताना तिची ऊर्जा शंभर ज्यूलच्या आसपास भरते. धक्का जवळजवळ नाहीच, आवाज तुलनेने कमी आणि काडतूसही मोठ्या बोअरपेक्षा स्वस्त. नवख्याच्या हाताला लागणारी सर्वांत वाईट सवय म्हणजे गोळी सुटण्याआधीच दचकणे. धक्क्याच्या भीतीने मनगट आपोआप खाली झुकते आणि नेम चुकतो. .२२ वर ही सवय लागतच नाही, किंवा लागली असेल तर सुटते. ऑलिम्पिकमधील २५ मीटर पिस्तूल प्रकार याच काडतुसावर खेळला जातो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात.

संरक्षणासाठी मात्र या काडतुसाच्या दोन उणिवा आहेत. पहिली, त्याची ताकद मर्यादित आहे. दुसरी अधिक गंभीर आहे. या काडतुसात पेटवणारी रसायने पुंगळीच्या कडेत भरलेली असतात. मधोमध टोपी असलेल्या काडतुसांच्या तुलनेत अशा काडतुसांमध्ये ‘फुसका बार’ निघण्याचे प्रमाण अधिक असते. रेंजवर ते चालून जाते. संकटाच्या क्षणी नाही. ‘कमी ताकदीची’ म्हणून या गोळीला खेळणे समजणेही चूक. ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि जीवही घेऊ शकते.

.३२ : एक आकडा, दोन काडतुसे

भारतातील परवानाधारकांच्या हाती सर्वाधिक आढळणारा हातबंदुकीचा बोअर म्हणजे .३२. या एका आकड्याखाली दोन वेगळी काडतुसे येतात. रिव्हॉल्व्हरसाठी ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’. हे १८९६ चे. त्याला पुंगळीच्या तळाशी बाहेर आलेली ठसठशीत कड असते. साधारण ६.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा दीडशे ते पावणेदोनशे ज्यूल असते. दुसरे ‘.३२ ऑटो’, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये स्वयंभरण पिस्तुलासाठी ते घडवले. त्याची गोळी हलकी, साधारण ४.६ ग्रॅमची, पण वेग अधिक. ऊर्जा जवळपास तेवढीच, पावणेदोनशे ज्यूलच्या घरात.

ही दोन काडतुसे एकमेकांऐवजी वापरायची नसतात. आकडा एकच आहे म्हणून हाती लागेल ते काडतूस भरणे हा प्राणघातक निष्काळजीपणा ठरू शकतो. काडतुसांच्या खोक्यावरील नाव आणि हत्याराच्या नळीवर कोरलेले नाव तंतोतंत जुळले पाहिजे.

ताकदीच्या दृष्टीने .३२ जगात दुबळ्या काडतुसांत गणले जाते. ९ मिलिमीटरची ऊर्जा त्याच्या अडीच ते तीन पट असते. त्यामुळे ‘.३२ ने काय होणार?’ असा सूर शौकिनांच्या गप्पांत हमखास उमटतो. मात्र या चर्चेत दोन गोष्टी सुटतात. एक, ९ मिलिमीटरचा पर्याय सामान्य परवानाधारकाला उपलब्धच नाही, आणि चोरट्या मार्गाने तो शोधणे म्हणजे थेट तुरुंगाचा रस्ता. दोन, गोळी किती जोराची होती यापेक्षा ती कुठे लागली याला महत्त्व अधिक. नेम न साधणाऱ्या मोठ्या बोअरपेक्षा नेमके लागणारे .३२ केव्हाही सरस. .३२ लाँगची अचूकता तर स्पर्धांच्या मैदानावर सिद्ध झाली आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात जगभरचे नेमबाज सपाट तोंडाच्या गोळीचे हेच काडतूस पसंत करतात. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा याने ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात.

महाराष्ट्राचा या काडतुसांशी आणखी एक संबंध आहे. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. नागरी परवानाधारकांच्या हाती येणाऱ्या अनेक काडतुसांच्या पुंगळीवर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे याच कारखान्याची खूण. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित झाल्यानंतर हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आला.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रीत पाच-सहा काडतुसे बसतात. चाप ओढला की चक्री एक घर फिरते, घोडा मागे जाऊन पुढे आदळतो आणि गोळी सुटते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. पुढचे काडतूस समोर येते. सराव कमी असलेल्यासाठी ही मोठी सोय आहे. दीर्घकाळ भरून ठेवले तरी कोणतीही कमान त्यामुळे दाबून राहत नाही. चक्री उघडली की हत्यार भरलेले आहे की रिकामे हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. उणिवा दोन. गोळ्या मोजक्या, आणि घोडा न चढवता चाप ओढायचा तर बोटाला बराच जोर लावावा लागतो. हा जड चाप नवख्याचा नेम हलवतो. पण तोच अनवधानाने गोळी सुटण्यापासून बचावही करतो.

पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. एक गोळी सुटली की वरची सरकती पट्टी मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि नवे काडतूस नळीत भरते. हत्यार चपटे असल्याने बाळगायला सोयीचे, चाप हलका, पुन्हा भरणे झटपट. मात्र काडतूस अडकले तर ते मोकळे करण्याची क्रिया हाताला पाठ असावी लागते. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. मॅगझिन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा समज नवख्यांत असतो. नळीत एक काडतूस शिल्लक राहू शकते, आणि ‘रिकाम्या’ पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांच्या बातम्यांमागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणूनच महिन्यातून एखाद्या वेळीच रेंजवर जाऊ शकणाऱ्यासाठी रिव्हॉल्व्हर, आणि नियमित सरावाची तयारी व शिस्त असलेल्यासाठी पिस्तूल, हा प्रशिक्षकांचा जुना आडाखा आजही रास्त वाटतो.

बाजारात काय आहे?

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. जुन्या काळी देशात आलेली वेब्ली अँड स्कॉट, स्मिथ अँड वेसन, वॉल्थर या बनावटीची हत्यारे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि दुर्मिळतेमुळे त्यांची किंमत अवाच्या सवा चढते. ही किंमत नावाची असते. गुणवत्तेची असतेच असे नाही. साठ-सत्तर वर्षांचे हत्यार घेताना नळीतील आटे झिजलेले नाहीत ना, चक्री प्रत्येक घरावर घट्ट थांबते ना, सुटे भाग मिळतात ना, हे जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे लागते.

देशी हत्यारांत कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर सर्वांत परिचित. ब्रिटिश वेब्लीच्या धर्तीवरचे हे सहा गोळ्यांचे हत्यार मधोमध मोडून उघडते आणि रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर उचलल्या जातात. नळी तीन इंचांची, वजन साधारण ७०० ग्रॅम. २०१४ च्या प्रारंभी याच कानपुरातून ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांना डोळ्यांसमोर ठेवून बाजारात आणले गेले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेची पार्श्वभूमी त्याच्या नावामागे होती. सव्वा लाखाच्या घरातील त्याच्या किमतीवर तेव्हा बरीच टीकाही झाली. त्याच सुमारास पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने ‘निडर’ हे .२२ चे, अवघ्या अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे छोटे रिव्हॉल्व्हर सादर केले. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने ‘प्रबळ’ आणले. त्याची चक्री बाजूला उघडते आणि पल्ला ५० मीटर असल्याचा कंपनीचा दावा आहे. पिस्तूलच हवे असणाऱ्यांसाठी सरकारी कारखान्यांचे ‘अशनी’ हे .३२ ऑटो पिस्तूल आहे. अलीकडच्या वर्षांत खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत.

हाताला बसते ते आपले

हलके हत्यार बाळगायला सोपे, पण झाडायला अवघड. हत्याराचे वजन धक्का शोषून घेते. त्यामुळे तेच काडतूस पाचशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडले तर सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा हाताला अधिक झटका बसतो. ‘महिलांसाठी हलके’ ही समजूत म्हणूनच तपासून घ्यायला हवी. घरी ठेवायचे असेल तर थोडे जड हत्यारच शिकायला बरे.

मूठ हाताला पूर्ण भरली पाहिजे; करंगळी अधांतरी राहू नये. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकले पाहिजे. त्यासाठी पकड बदलावी लागत असेल तर हत्यार मोठे आहे. घोडा न चढवता चाप ओढताना नळीच्या टोकाची माशी थरथरत असेल तर चाप त्या हातासाठी जड आहे. पुढची माशी आणि मागची खाच अंधूक उजेडात दिसते का, तेही पाहावे. चाळिशीनंतर जवळची नजर कमी झाल्यावर हा मुद्दा फारच महत्त्वाचा ठरतो. दुकानात हत्यार हाती घेऊन पाहण्यापूर्वी ते रिकामे असल्याचे विक्रेत्याने दाखवावे आणि ग्राहकानेही स्वतः पाहावे. ही औपचारिकता नव्हे, शिष्टाचार आहे.

सराव कुठे आणि कसा?

परवाना मिळाल्यावर अनेक जण हत्यार कपाटात ठेवतात आणि वर्षानुवर्षे एकही गोळी झाडत नाहीत. असे हत्यार संरक्षण करीत नाही, केवळ धोका निर्माण करते. शेतात, फार्महाउसवर किंवा डोंगरात जाऊन ‘सराव’ करणे बेकायदा तर आहेच, शिवाय दगडावर आपटून उलटणारी गोळी कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. सरावाची जागा एकच : मान्यताप्राप्त रेंज. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची सोय आहे. कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील कांस्यपदक विजेता स्वप्निल कुसाळे असे नेमबाज देशाला दिले. सदस्यत्व, शुल्क आणि स्वतःचे हत्यार आणण्याची परवानगी याबाबत प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात.

खरे तर सुरुवात परवान्याच्याही आधी करता येते. ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे .१७७ च्या, २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. दहा मीटरवर एअर पिस्तुलाचा सहा महिने सराव केल्यास उभे राहण्याची ढब, श्वासावर ताबा, माशीवर नजर आणि चाप हळुवार दाबणे हा सगळा पाया पक्का होतो. मनू भाकरने पॅरिसमध्ये मिळवलेले वैयक्तिक पदक याच प्रकारातले. शिवाय आपल्याला हत्यार पेलते का, ते हवे आहे का, याचेही उत्तर या काळात मिळून जाते.

परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची. त्यामुळे प्रत्येक काडतूस विचारपूर्वक वापरावे लागते. रेंजवर कानाला संरक्षक आणि डोळ्यांना चष्मा अनिवार्य समजावा. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो, आणि हातबंदुकीचा आवाज त्याहून मोठा असतो. गोळीतील शिसे हाताला लागते. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातील दमट हवा हत्याराची वैरीण ठरते. चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या हत्याराला आठवडाभरात गंज चढू शकतो. म्यान बाळगण्यासाठी असते, साठवण्यासाठी नव्हे. नळी पुसून तेलाचा पातळ हात, आणि काडतुसे ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यात, एवढी निगा पुरेशी होते.

स्वसंरक्षण : समज आणि वास्तव

अमेरिकेतील साल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधा हिशेब मांडला. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो. प्रशिक्षित अधिकाऱ्याला म्यानातून पिस्तूल काढून गोळी झाडायला तेवढाच वेळ लागतो. मुंबईतील बहुतेक घरांचा दिवाणखाना २१ फुटांचा नसतो. दाराची बेल वाजल्यावर कपाट उघडून, कुलूप काढून, काडतुसे भरून हल्लेखोराला सामोरे जाणे हे चित्र सिनेमातले. भक्कम दार, साखळी, दारातील भिंग, शेजाऱ्यांशी संपर्क आणि ११२ हा क्रमांक हेच घराच्या संरक्षणाचे पहिले पाच थर होत. हत्यार त्यानंतरचे.

शहरात आणखी एक अडचण आहे. चुकलेली गोळी थांबत नाही. पातळ विभाजक भिंत, लाकडी दार किंवा खिडकीची काच .३२ ची गोळीही भेदून जाते आणि पलीकडे शेजाऱ्याची झोपायची खोली असते.

कायद्याने खासगी संरक्षणाचा अधिकार दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. मृत्यू वा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा प्रसंगी हा अधिकार हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो. मालमत्तेच्या बाबतीत दरोडा, रात्रीची घरफोडी, आग लावणे अशा निवडक प्रसंगांपुरताच तो तेवढा विस्तारतो. मात्र संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा, आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा अधिकारच नाही, या मर्यादा कलम ३७ मध्ये स्पष्ट आहेत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू मांडल्या. संकटात सापडलेल्याने प्रतिकार तराजूत तोलून करावा अशी अपेक्षा नाही. पण हा अधिकार सूड उगवण्यासाठी नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा न्यायालयात स्वतः आरोपी म्हणून उभा राहू शकतो.

धोका घराच्या आत

हत्यार घेण्याचा निर्णय बाहेरच्या भीतीपोटी होतो. पण धोका अनेकदा आतच असतो. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थर केलरमन यांच्या अभ्यासात, घरात बंदूक असण्याचा संबंध त्या घरात हत्या होण्याच्या २.७ पट अधिक जोखमीशी आढळला. कॅलिफोर्नियातील २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासणारा आणखी एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हातबंदूक बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःच्या गोळीने मृत्यू होण्याचे प्रमाण ती नसणाऱ्यांच्या आठ पट, तर स्त्रियांत पस्तीस पटीहून अधिक होते. भारतातील परिस्थिती वेगळी आहे. पण माणसाचे मन सगळीकडे सारखेच. घरात कोणी नैराश्यात असेल, दारूचे व्यसन असेल, कौटुंबिक कलह पेटलेला असेल, तर हत्यार घेऊ नये. असेल तर ते काही काळ विक्रेत्याकडे वा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून पावती घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

अमेरिकेच्या मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक हत्यार भरलेलेच समजा. ज्याचा नाश करायचा नाही त्यावर नळी रोखू नका. नेम धरल्याशिवाय बोट चापावर नेऊ नका. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. यांतील एखादा नियम मोडल्याशिवाय सहसा अपघात होत नाही. याला घरासाठी पाचवा जोडावा : हत्यार रिकामे, कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली फक्त परवानाधारकाकडे. उशीखाली, गादीखाली किंवा मोटारीच्या खणात ठेवलेले हत्यार सर्वांत आधी लहान मुलाला किंवा चोराला सापडते.

थोडक्यात निवड

केवळ नेमबाजीची आवड असेल तर क्लबचे सदस्यत्व, एअर पिस्तूल आणि पुढे .२२ हा सरळ मार्ग. जिवाला खरा आणि नोंदवलेला धोका असेल, तर सहाशे-सातशे ग्रॅम वजनाचे, हाताला बसणारे .३२ लाँगचे रिव्हॉल्व्हर हे पहिल्या हत्यारासाठी सर्वांत समंजस उत्तर. नियमित सराव जमणार असेल तर .३२ ऑटो पिस्तुलाचा विचार करता येईल. हत्याराच्या किमतीइतकीच रक्कम प्रशिक्षण, काडतुसे आणि भक्कम तिजोरी यांसाठी बाजूला काढता येत नसेल, तर खरेदी लांबणीवर टाकावी.

आणि धोका केवळ वाटणारा असेल, मिरवण्याची हौस त्याच्या आड लपलेली असेल, तर कपाटाच्या काचेवरून बोट मागे घेणे हीच योग्य निवड. दुकानातून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाचे काहीही बिघडत नाही. हत्यार घरी आणणाऱ्याला मात्र त्या दिवसापासून रोज रात्री एक कुलूप आठवणीने तपासावे लागते.